यादीतली खोगीरभरती

पत्र : मी सुलेखनाचे ऑनलाइन वर्ग घेते आणि दर आठवड्याला एक ईमेल पाठवते. पहिली दोन हजार नावं चार वर्षांत हळूहळू जमली. कुणी वर्ग केलेले, कुणी वेबसाइटवर येऊन आपणहून पत्ता दिलेले. गेल्या वर्षी आम्ही काही जणांनी मिळून टॅब्लेटची सोडत काढली, त्यातून ९,४०० पत्ते आले. एका कलामेळाव्याच्या आयोजकांनी सहभागी लोकांची यादी दिली, ती सात हजारांची. आज माझी यादी १८,४०० वर आहे. पण नव्या वर्गाच्या ४० जागांसाठी तीन मेल पाठवूनही ११ नोंदण्या झाल्या आणि त्यातले १० जण पहिल्या दोन हजारांतले. माझ्या मैत्रिणीची यादी १,४०० ची, तिचा वर्ग एका मेलमध्ये भरतो. माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनींनी कळवलं की माझा मेल त्यांना स्पॅममध्ये सापडला. विषयाची ओळ बदलून पाहिली, पाठवायची वेळ बदलून पाहिली. आता लोक म्हणतात, यादी छाट. एवढ्या कष्टाने जमवलेली नावं काढून टाकू? ती नुसती पडून राहिली तर बिघडलं काय? शिवाय प्रायोजक पहिला प्रश्न आकड्याचाच विचारतात.
— अठरा हजारी

उत्तर :

प्रिय अठरा हजारी,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी बातमी तुम्ही जाता जाता लिहून टाकली आहे. जुन्या विद्यार्थिनींना तुमचा मेल स्पॅममध्ये सापडला. म्हणजे ज्यांनी तुमच्याकडे पैसे भरून धडे गिरवले, ज्या तुमच्या मेलची वाट बघतात, त्यांच्यापर्यंतही तुम्ही धड पोचत नाही आहात. दोघींनी निदान स्पॅममध्ये डोकावून पाहिलं आणि कळवलं. बाकीच्यांना वाटत असेल, बाईंनी लिहिणं बंद केलं वाटतं.

म्हणून 'पडून राहिली तर बिघडलं काय' याचंच उत्तर आधी देते. ती नावं पडून राहत नाहीत. दर आठवड्याला त्या प्रत्येक पत्त्यावर तुमचा मेल जातो आणि पुढे त्याचं काय झालं याची नोंद समोरची मेल कंपनी ठेवते. वाचला, न उघडताच पुसून टाकला, स्पॅमचं बटण दाबलं, की पत्ताच बंद म्हणून परत आला. ही नोंद त्या माणसापुरती राहत नाही, तुमच्या डोमेनच्या (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाच्या) खात्यावर जमा होते. पुढच्या आठवड्यात तुमच्या विद्यार्थिनीला जाणारा मेल इनबॉक्समध्ये टाकायचा की स्पॅममध्ये, हे ठरवताना तोच हिशेब उघडला जातो. कुठल्या वागण्याला किती गुण, हे या कंपन्या उघड करत नाहीत. करणारही नाहीत, कारण तसं केलं तर त्याचा अभ्यास सगळ्यात आधी स्पॅम पाठवणारेच करतील. पण न मागणाऱ्यांची बेपर्वाई मागणाऱ्यांना भोवते, एवढं तुमच्याच बाबतीत दिसतंय.

'ईमेलला खर्च कुठे येतो, जाऊ दे सगळ्यांना' ही समजूत मात्र ईमेलच्या धंद्याइतकीच जुनी आहे. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सुमारे ४०० पत्त्यांवर नव्या संगणकांची जाहिरात एका फटक्यात पाठवली. स्पॅमचा इतिहास तिथूनच सांगायची पद्धत आहे. लोक चिडले, तक्रारी झाल्या, समज मिळाली आणि प्रकरण तिथेच संपलं. त्या वेळी लोकांची चीड मोजणारं यंत्र नव्हतं. आज आहे, आणि ते चोवीस तास चालू असतं.

किती बारीक मोजतात ते पाहा. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. गूगलच्या लेखी 'मोठ्या प्रमाणावर' म्हणजे एका दिवसात जीमेलच्या व्यक्तिगत खात्यांवर सुमारे ५,००० किंवा जास्त मेल. तुमच्या १८,४०० मध्ये तेवढी जीमेलची खाती सहज असणार. आणि एकदा हा आकडा गाठला की तुम्ही कायमच्या त्या गटात जाता, पुढे यादी छाटलीत तरी. मग मेल खरोखर तुमच्याकडूनच आला आहे ना, हे पडताळणाऱ्या एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तीन तपासण्या तुमच्या डोमेनवर नीट लावलेल्या हव्यात. (हे तुमची मेल पाठवणारी सेवा आणि डोमेन जिथे घेतलं ते लोक मिळून करून देतात. झालेलं नसेल तर हा आठवडा त्याला द्या.) एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडता आलं पाहिजे आणि तशी विनंती दोन दिवसांत अमलात आली पाहिजे. शेवटची अट तुमच्यासाठी खरी अवघड. स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याला पोचू द्यायचं नाही, आणि शक्यतो ०.१ टक्क्याच्या खालीच ठेवायचं.

टक्केवारी बाजूला ठेवून माणसं मोजू. समजा तुमचे ६,००० मेल जीमेलच्या इनबॉक्सात पोचले. त्यातल्या १८ जणांनी स्पॅमचं बटण दाबलं की ०.३ टक्के झाले. फक्त अठरा माणसं. आता टॅब्लेटच्या सोडतीत नाव घातलेला एक माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याला टॅब्लेट हवा होता, तो मिळाला नाही. आठ महिन्यांनी फोनवर मेल दिसतो : 'उतरत्या रेघेचा दाब कसा सांभाळाल?' पाठवणारीचं नाव अनोळखी. आपण कधी कुठे पत्ता दिला होता हे त्याला आठवण्याचं कारण नाही. शेवटी बारीक अक्षरात लिहिलेली 'अनसबस्क्राइब'ची ओळ शोधण्यापेक्षा वरचं बटण जवळ आहे. तो दाबतो आणि विसरून जातो. त्याचं काही चुकलेलं नाही. अशी ९,४०० माणसं तुम्ही बोलावून आणली आहेत आणि तुम्हाला त्यातली फक्त १८ चिडलेली पुरतात.

गूगलचं पोस्टमास्टर टूल्स फुकट आहे, त्यात हे प्रमाण दिसतं. ते आजच जोडा, पण आकडा कमी दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. तिथे तक्रारींचा भागाकार इनबॉक्समध्ये पोचलेल्या मेलशी होतो. मेल मुळातच स्पॅममध्ये पडत असेल तर तक्रार करायला ते पाहणार कोण? तेव्हा सगळं बिघडलेलं असतानाही तो आकडा छान दिसू शकतो.

मेळाव्याच्या सात हजारांबद्दल माझं मत आणखी कडक आहे. ती यादी तुमची नाहीच. त्या लोकांनी पत्ता आयोजकांना दिला होता, तुम्हाला नाही. कायद्याचं म्हणाल तर देशोदेशी वेगळं आहे. अमेरिकेचा २००३ चा कॅन-स्पॅम कायदा आधी परवानगी मागत नाही, नको म्हणणाऱ्याला १० कामकाजी दिवसांत सोडा म्हणतो. युरोपात २५ मे २०१८ पासून लागू असलेला जीडीपीआर हा व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा बराच कडक आहे. पण समोरच्या स्पॅम फिल्टरला तुमच्या कायदेशीरपणाशी देणंघेणं नाही, त्याला लोक कसे वागतात तेवढंच दिसतं.

शिवाय हातोहात फिरलेल्या यादीत सापळे असतात. जुने, कुणी वापरत नसलेले पत्ते मेल कंपन्या आधी बंद करतात. काही काळ तिथे गेलेला मेल 'असा पत्ता नाही' म्हणून परत येतो. त्यानंतर त्यातले काही पत्ते मुद्दाम पुन्हा चालू केले जातात, फक्त मेल पकडण्यासाठी. तिथे मेल येत राहिला याचा अर्थ पाठवणारा परत आलेल्या मेलकडे बघतच नाही, किंवा त्याने यादी कुठून तरी उचलली आहे. त्या सात हजारांत असे किती, हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही, त्यांच्यावर 'नको' म्हणणारं माणूसच नसतं. दोन वर्षं न वापरलेली व्यक्तिगत खाती गूगलने डिसेंबर २०२३ पासून काढून टाकायला सुरुवात केली आहे, त्यामुळे जुन्या यादीत मेलेल्या पत्त्यांची भर पडतच राहते.

म्हणून ते सात हजार आजच थांबवा. त्यांना 'राहायचंय का' असंही विचारू नका. उरलेल्यांसाठी मात्र थोडं सबुरीने घ्यावं लागेल, आणि इथे क्रम चुकला तर सगळं मुसळ केरात.

सहसा लोक काय करतात? यादी साफ करायचं मनावर घेतात आणि पहिल्याच दिवशी सगळ्या थंड नावांना एकदम मेल धाडतात, 'तुम्ही अजून आमच्यासोबत आहात ना?' म्हणजे वर्षभर ज्यांनी ढुंकून पाहिलं नाही, त्या हजारोंना एका सकाळी मेल. याहून वाईट मेल तुम्ही वर्षभरात पाठवला नसेल. तक्रारी वाढतात, आणि ज्यांनी होकार दिला असता त्यांच्याकडेही तो स्पॅममध्येच पडतो, कारण तुमची पत अजून सुधारलेली नाही.

आधी पत सुधारा. पुढचा महिना-दीड महिना फक्त त्यांनाच लिहा, ज्यांनी गेल्या ९० दिवसांत लिंकवर क्लिक केलं, उत्तर लिहिलं किंवा वर्गाला नाव नोंदवलं. नव्वद हा आकडा कुठल्या शास्त्रात सांगितलेला नाही. आठवड्याला एक मेल धरला तर तेवढ्यात बारा-तेरा संधी होतात आणि एखादीला तरी माणूस हलतो. जुने पैसे भरलेले विद्यार्थी मात्र क्लिक करोत वा न करोत, त्यांना राहू द्या. काही लोक मेल शांतपणे वाचतात, कधीच कुठे बोट लावत नाहीत आणि सहा महिन्यांनी थेट फी भरतात. अशांना छाटून टाकलंत तर हातचं सोडून पळत्याच्या मागे लागल्यासारखं होईल.

हे करताना 'ओपन रेट'वर, म्हणजे किती जणांनी मेल उघडला या आकड्यावर, विसंबू नका. मेलमध्ये डोळ्यांना न दिसणारं एका पिक्सेलचं चित्र असतं. ते सर्व्हरवरून मागवलं गेलं की 'उघडला' अशी नोंद होते. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आयफोनच्या मेल ॲपमध्ये खासगीपणाची नवी सोय आणली. ती चालू असेल तर चित्रं ॲपलचे सर्व्हरच आधी उतरवून घेतात, मग माणसाने मेल उघडो की न उघडो. तुमच्या तक्त्यात तो वाचक, प्रत्यक्षात फोन खिशात. उलट चित्रं बंद ठेवून मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस तुम्हाला दिसतच नाही. क्लिक त्यामानाने बरे, तरी कंपन्यांच्या पत्त्यांवर सुरक्षेची यंत्रं मेल आल्या आल्या सगळ्या लिंक तपासून बघतात. मेल पोचल्यापासून काही सेकंदांत एकाच पत्त्यावरून झाडून सगळ्या लिंकवर क्लिक दिसले तर ते माणसाचं काम नाही असं समजा. उत्तर म्हणून आलेलं पत्र आणि नोंदणी, या दोन गोष्टी खोट्या निघत नाहीत.

महिना-दीड महिन्याने जुन्या विद्यार्थिनींना विचारा, मेल कुठे येतोय? इनबॉक्समध्ये यायला लागला की घेर वाढवा, ९० चे १८० दिवस करा. ते सुरळीत झालं की मग सोडतीतले लोक. तेही रोज चारपाचशेच्या तुकड्यांनी, आणि तक्रारींचा आकडा वर सरकला की तिथेच थांबायचं. मजकुरात गळेकाढूपणा नको. साधारण असं लिहा :

'नमस्कार. मी सुलेखनाचे वर्ग घेते. गेल्या वर्षीच्या टॅब्लेटच्या सोडतीत तुम्ही पत्ता दिला होता, म्हणून माझा मेल तुम्हाला येत होता. पुढेही हवा असेल तर खालच्या "हवा आहे" वर एकदा क्लिक करा. नको असेल तर काहीच करू नका. हा शेवटचा मेल.'

आणि तो खरंच शेवटचा असू द्या. 'ही अगदी शेवटची संधी' म्हणत पुन्हा चार मेल पाठवणारे तुम्हीही पाहिले असतील. ९,४०० पैकी फार थोडे परत येतील, मनाची तयारी ठेवा. जे जातील त्यांची नावं पुसून टाकू नका, 'पाठवू नये' अशा गटात ठेवा. नाहीतर उद्या कुठल्या तरी जुन्या फाइलमधून तीच नावं परत आत येतात, ज्यांनी स्पष्ट नको म्हटलं होतं त्यांच्यासकट.

बाहेर पडायची लिंकही लपवू नका. मेलच्या तळाशी फिकट राखाडी अक्षरांत ती ठेवायची चलाखी ज्याने शोधली त्याला समोरच्याचा बोटांचा नेम चुकावा असं वाटत असावं. नेम चुकत नाही, तो वरच्या स्पॅमच्या बटणावर बसतो. अनसबस्क्राइब करणारा माणूस तुमचं नुकसान न करता जातोय.

विषयाची ओळ आणि वेळ बदलून पाहिलीत, त्याचा उपयोग झाला नाही, होणारही नव्हता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. जो मेल दिसलाच नाही त्याची ओळ कितीही खुमासदार असून काय? आणि यादी लहान झाल्यावर तर अर्ध्यांना एक ओळ, अर्ध्यांना दुसरी असले प्रयोग सोडूनच द्या. हजार-बाराशे नावांत दहा-पंधरा क्लिकचा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. त्यावरून काढलेले निष्कर्ष पोपटवाल्याच्या चिठ्ठीच्या दर्जाचे असतात.

आता मैत्रिणीचे १,४००. यादी लहान आहे म्हणून तिचा वर्ग भरतो असं कृपा करून समजू नका. नात्यातल्यांची आणि भिडेखातर पत्ता दिलेल्यांची तीनशे नावांची यादीही तितकीच थंड असते. आणि वीस हजार लोकांनी आपणहून मागितलेली यादी असेल तर ती ठेवा, वाढवा, तिच्याशी माझं काही भांडण नाही. मैत्रिणीचा एखादा मेल मागवून वाचा. माझा अंदाज असा की तो काही तरी विचारत असेल आणि लोक उत्तरं देत असतील. तुमच्या कलेत तर याला केवढा वाव आहे! एका मेलमध्ये एकच अक्षर घ्या. निब कुठे टेकते, दाब कुठे वाढतो, शाई कुठे फुटते ते तीन फोटोंत दाखवा आणि शेवटी लिहा, 'तुमचं हे अक्षर काढून फोटो याच मेलला उत्तर म्हणून पाठवा, पुढच्या आठवड्यात त्यातल्या पाचांचं वळण दुरुस्त करून दाखवते.' उत्तर आलेलं पाहून मेल कंपनीलाही कळतं की इथे दोन माणसांचा पत्रव्यवहार चालू आहे. आणि शाई कुठे फुटते हे चाळीस जणांनी विचारलं की पुढचा वर्ग कशावर घ्यायचा हेही तुम्हाला कुणाला विचारावं लागत नाही. एक मात्र बघा, मेल 'उत्तर देऊ नये' छाप पत्त्यावरून जात नाही ना? तसं असेल तर आधी तो बदला.

नवी नावं घेताना पत्ता दिल्यावर खात्रीचा एक मेल जाऊ द्या, त्यातल्या लिंकवर क्लिक केलं तरच नाव पक्कं. काही जण तिथे गळतात. चुकीचा टाइप केलेला पत्ता आणि हौशी पाहुणे तिथेच गळलेले बरे. मग लगेच, त्याच दिवशी, तुमचा पहिला खरा मेल. दोन महिने गप्प राहून एकदम वर्गाची जाहिरात पाठवलीत तर कालचा इच्छुकही तुम्हाला ओळखणार नाही. सोडत पुन्हा काढायची हौस असेल तर बक्षीस म्हणून तुमच्याच वर्गातली एक जागा ठेवा. पत्ते कमी येतील, पण ज्याला निब धरायची आहे तोच पत्ता देईल.

प्रायोजकांचं उत्तर सोपं आहे. शहाणा प्रायोजक मागच्या तीन मेलमध्ये त्याच्यासारख्या लिंकवर किती क्लिक झाले, किती जणांनी खरेदी केली, ते विचारतो. तो विचारणार नसेल तर तुम्हीच पुढे ठेवा. आज १८,४०० सांगून जाहिरात घेतलीत आणि त्याच्याकडे सात माणसं गेली, तर तो दुसऱ्यांदा येणार नाही आणि चार जणांना सांगेल. नुसता आकडाच हवा असणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. बहुतेक मेल सेवा यादीतल्या नावांच्या संख्येवर पैसे लावतात, त्यामुळे यादी उतरली की तुमचं बिलही उतरेल. पुढचं नूतनीकरण कधी आहे ते पाहून त्याआधीच खालचा टप्पा घ्या.

आणि तुमच्या वेबसाइटवर 'अठरा हजारांचा परिवार' असं काही झळकत असेल (टोपणनावावरून तशी शंका येते), तर ते यादीला हात लावायच्या आधी काढा. तो आकडा रोज समोर दिसत असताना तुमच्याकडून एकही नाव कमी होणार नाही.